बारा चौकोनांचं कार्ड: ग्रंथालयाच्या वाचन-बक्षीस योजनेबद्दल एका बाईंचं मत

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. पाचपैकी साडेतीन तारे. जे मूल पुस्तकांच्या कपाटाकडे फिरकतही नाही, त्याचं नाव बिनदिक्कत घाला. जे मूल आधीपासूनच हाताला लागेल ते वाचत सुटतं, त्याला साधं सभासद करा आणि या शिक्क्यांच्या फंदात पाडू नका. असं का म्हणते, ते पुढे सविस्तर.

मी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना भाषा शिकवते. शाळेजवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाने विद्यार्थ्यांसाठी बक्षीस योजना काढली आणि शाळांना पत्रं पाठवली, तेव्हा वर्गाचं नाव मीच दिलं. अख्खा वर्ग काउंटरवर काय काय उद्योग करतो, हे मागे उभी राहून पाहिलेलं आहे. तेव्हा एखाद्या गुणी मुलाच्या आईवडिलांना योजना जशी दिसेल, तशी ती मला दिसलेली नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

योजना अशी. नाव नोंदवलं की जाड कागदाचं घडीचं कार्ड मिळतं, त्यावर बारा चौकोन. पुस्तक वाचून परत केलं की काउंटरवरच्या ताई एकदोन प्रश्न विचारतात आणि एका चौकोनात शिक्का मारतात. चार शिक्क्यांना बॅज आणि पुस्तकात घालायची खूणपट्टी. आठ शिक्के झाले की एका वेळी एक पुस्तक जास्त नेण्याची मुभा, आणि ती कायमची. बारा पूर्ण झाले की बालविभागात मांडलेल्या कोऱ्या पुस्तकांतलं एक स्वतःसाठी निवडून घरी न्यायचं, परत करायचं नाही. याच्या जोडीला एक ॲप आहे. त्यात वाचलेली पानं आणि मिनिटं भरायची, सलग किती दिवस वाचलं त्याची साखळी दिसते, पुस्तकावर पाच-दहा प्रश्नांची चाचणी असते आणि कोणत्या शाळेचे किती गुण, याचा तक्ता असतो. शिवाय थकलेला दंड वाचनकक्षात बसून वाचून फेडता येतो.

आधी ताईंबद्दल, कारण या योजनेतली सगळ्यात चांगली गोष्ट त्या आहेत आणि तिचा उल्लेख माहितीपत्रकात कुठेच नाही. ‘या पुस्तकातून काय शिकलास?’ असं त्या कधीच विचारत नाहीत. त्या प्रश्नाचं उत्तर मुलांकडे तयार असतं. पुस्तक न उघडताही देता येतं. त्या विचारतात, ‘यातलं कोण तुला आवडलं नाही?’ किंवा ‘शेवट तू बदलला असतास का?’ मागच्या बाकावरचा आमचा एक मुलगा यावर म्हणाला, ‘सगळेच बावळट आहेत. पहिल्याच प्रकरणात पोलिसांना सांगितलं असतं तर पुस्तकच संपलं असतं.’ ताईंनी हसून शिक्का मारला आणि म्हणाल्या, ‘मग तुला ते चालणार, ज्यात पोलिसांना सांगूनही उपयोग होत नाही.’ कपाटातून काढून दिलेलं ते दुसरं पुस्तक त्याने मधल्या सुट्टीत संपवलेलं मी पाहिलं. वर्गात दोन वर्षं धडे वाचायला लावून मला जे जमलं नव्हतं, ते त्या दोन वाक्यांनी झालं. आता यात शिक्क्याचा वाटा किती? माझ्या मते एवढाच, की त्या शिक्क्यापायी मुलगा ताईंसमोर येऊन उभा राहिला. हे काही थोडंथोडकं नाही.

आता कटकटींकडे वळते. एक पुस्तक, एक शिक्का, हा नियम कागदावर सोपा वाटतो. मुलं मूर्ख नसतात. आठवडाभरात मला वर्गात ऐकू यायला लागलं, ‘बाई, एखादं पातळ पुस्तक सांगा ना.’ बालविभागातलं चोवीस पानी पुस्तिकांचं खालचं कपाट रिकामं झालं. ती पुस्तकं पहिली-दुसरीच्या मुलांची आणि ती छोटी मुलं बिचारी हात हलवत परत जायला लागली. दुसरीकडे आमच्याच वर्गातली एक मुलगी सहाशे पानांची कादंबरी घेऊन बसली होती. तिचा पहिला शिक्का पडला, तेव्हा तिच्या शेजारणीचे पाच झाले होते. तिने दुसरी जाड कादंबरी उचलली आणि परत ठेवली. ते मी पाहिलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. ही मुलगी बक्षिसाशिवाय वाचतच होती. बक्षिसाने तिला हिशेब शिकवला.

हे नवं नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं आणि फितीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र काही न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी वर्गात रंग मोकळे ठेवले, तेव्हा बक्षीस ठरवून मिळालेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्मा वेळच चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. आमच्या कादंबरीवालीला पाहताना मला हाच प्रयोग आठवत होता. तिच्यासाठी ताईंनी एके दिवशी न सांगता एखादं पुस्तक बाजूला काढून ठेवलं असतं, तर ती खूश झाली असती आणि बिघडलंही काही नसतं.

पण म्हणून बक्षिसं वाईटच, असंही मी म्हणणार नाही. या विषयावर संशोधकांचीही गेली कित्येक वर्षं जुंपलेली आहे. जूडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पिअर्स यांनी १९९४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून सांगितलं की बक्षिसाने आवडीचं सहसा नुकसान होत नाही. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोग तपासून सांगितलं, की नुकसान होतं, आणि तेही नेमकं ती गोष्ट मुळात रंजक असते तेव्हा. मला हे दोन्ही वर्गात दिसतं. मागच्या बाकावरच्या मुलाकडे मोडायला आवड नव्हतीच, त्याला शिक्क्याने दारापर्यंत आणलं. कादंबरीवालीकडे मोडण्यासारखं भरपूर होतं.

आता मोजायचं काय, हा प्रश्न. पुस्तकं मोजली की पातळ पुस्तकं पळतात. पानं मोजली की मोठ्या टायपाची आणि चित्रांची पळतात. मिनिटं मोजली की सरळ थापा. मुलं ॲपमध्ये शाळेच्या वेळेतली मिनिटं भरत होती, माझ्याच तासाची. ब्रिटनमधल्या ग्रंथालयांची सुट्टीतली वाचनयोजना १९९९ पासून चालते, तिथे यावर एक शहाणी वाट काढलेली आहे. उन्हाळी सुट्टीत सहा पुस्तकं, बस. हवी ती निवडा. सहा झाली की पदक आणि प्रमाणपत्र. सातव्याला काही जादा नाही, म्हणून पळापळीत अर्थ उरत नाही. बारा हा आकडा एका सत्रासाठी मला जास्त वाटला. सहावर थांबले असते तर त्या जाड कादंबऱ्यांनाही जागा मिळाली असती.

मोजणीपेक्षा मला जास्त खटकलं ते काय मोजत नाहीत, ते. सुरुवातीला चित्रकथा धरत नव्हते. मी आणि आणखी एका शाळेच्या बाईंनी जाऊन सांगितल्यावर धरायला लागले, त्याबद्दल ग्रंथपालांचे आभार. ऐकायची पुस्तकं अजूनही ‘बघू’वर आहेत. माझ्या वर्गात एका मुलाला अक्षरं लावायला खूप कष्ट पडतात, तो ऐकून ऐकून मोठमोठ्या कथा पचवतो आणि वर्गाला रंगवून सांगतो. त्याचं कार्ड जवळजवळ कोरं. ही योजना जर वाचनाच्या आनंदासाठी असेल तर या मुलाला बारा शिक्के कधीच मिळायला हवे होते.

तेच पुस्तक पुन्हा वाचलं तर शिक्का नाही. हे कुणी ठरवलं, ठाऊक नाही, पण ठरवणाऱ्याने लहानपणी एखादं पुस्तक चार वेळा वाचलेलं नसणार. मूल जे पुस्तक परत परत आणतं, तेच तर त्याचं पुस्तक. गोष्ट माहीत असूनही पुन्हा तिकडे जावंसं वाटणं, याहून वेगळा वाचनानंद असतो तरी काय? नियमाने त्याची किंमत शून्य.

आणि अर्धवट सोडलेलं पुस्तक. तेही शून्य. परिणाम असा की मुलं कंटाळवाणं पुस्तक ओढत राहतात, कारण ऐंशी पानं झालेली असतात आणि ती वाया घालवायची नसतात. एक मुलगी एका चरित्रावर तीन आठवडे अडकली. रोज दप्तरात, रोज तेच पान. ‘सोड ना,’ म्हटलं तर म्हणाली, ‘बाई, मग शिक्का?’ मोठी माणसं न आवडलेलं पुस्तक बिनदिक्कत मिटतात आणि दुसरं उघडतात. ज्यांना आपण वाचक करायला निघालोय, त्यांनाच ती सूट नाही. पन्नास पानांनंतर ‘का सोडलं’ हे ताईंना दोन वाक्यांत सांगितलं तर शिक्का द्यावा, असं मी सुचवलं आहे. न आवडलेल्या पुस्तकावर मुलं फार छान बोलतात, हे ताईंनी स्वतःच दाखवून दिलेलं आहे.

ॲपला मी पाचपैकी एक देईन. तोही पुस्तकं शोधायची सोय बरी आहे म्हणून. पुस्तकावर संगणकाने प्रश्न विचारायचे आणि लांबी-काठिण्यानुसार गुण द्यायचे, ही कल्पना शाळांमध्ये १९८६ साली आलेल्या ॲक्सिलरेटेड रीडर या अमेरिकी संगणक-कार्यक्रमापासून रुळलेली आहे. आपलं मूल वाचतंय की नाही हे पाहायला ती उपयोगी पडत असेल. पण या ग्रंथालयाच्या ॲपमधले प्रश्न असे, की नायकाच्या सायकलचा रंग कोणता आणि काकांच्या कुत्र्याचं नाव काय. दुसऱ्या आठवड्यात उत्तरं मुलांच्या ग्रुपवर फिरत होती, आणि पहिले आलेल्या दोन मुलांनी पुस्तक उघडलेलंही नव्हतं. शाळानिहाय तक्त्याने तर मुख्याध्यापकांनाच चेव आला. ‘आपण चौथे का?’ अशी विचारणा माझ्याकडे झाली. सलग दिवसांची साखळी तुटली म्हणून एक मुलगा रडला. आजारी होता तो. हे सगळं एका गोष्टीच्या पुस्तकापायी!

ॲप नको असेल तर वाचननोंदीची छापील वही आहे, तिच्यात रोज पालकांची सही लागते. यावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास आहे: दुसरी-तिसरीतल्या ज्या मुलांना अशी नोंद सक्तीची केली, त्यांची वाचनाची आवड कमी झाली, ज्यांना ‘हवी तर ठेवा’ म्हटलं, त्यांची उलट वाढली. वही तीच, फरक सक्तीचा. मी वर्गात सह्या मागत नाही. ग्रंथालयानेही मागू नयेत.

बक्षिसांकडे येते. बॅज दोन दिवस दप्तरावर चमकले आणि नंतर बाकाखाली सापडायला लागले. त्यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

एक पुस्तक जास्त नेण्याची मुभा हे मात्र मला या योजनेतलं सगळ्यात हुशार बक्षीस वाटतं. एक तर ते ग्रंथालयाला जवळजवळ फुकट पडतं. दुसरं, ते वापरायला परत ग्रंथालयातच यावं लागतं. आणि मुलांना त्यात मान वाटतो. काउंटरवर ‘माझी तीन आहेत’ म्हणताना आमच्या एका एरवी गप्प असणाऱ्या मुलाची मान ताठ झाली होती. बाराव्या शिक्क्याचं स्वतःचं पुस्तकही तितकंच चांगलं. बार्बरा मॅरिनॅक आणि लिंडा गॅम्ब्रेल यांनी २००८ मध्ये तिसरीच्या मुलांवर हेच तपासलं होतं. वाचनाचं बक्षीस म्हणून पुस्तक मिळालेली मुलं आणि काहीच न मिळालेली मुलं, दोघंही पुढे आपणहून वाचत राहिली. छोट्या खेळणीवजा वस्तू मिळालेल्यांचा ओढा त्यांच्यापेक्षा कमी दिसला. बक्षीस वाचनाच्या जितकं जवळचं, तितकं निर्धोक. कोणत्याही ग्रंथालयाची अशी योजना तोलायला मी हाच निकष लावते: बक्षीस मुलाला पुस्तकाकडे परत नेतं की दुसरीकडे?

खाण्याची किंवा पैशांची बक्षिसंही जगात देऊन झालेली आहेत. पिझ्झा हटने १९८४ साली अमेरिकेत वाचणाऱ्या शाळकरी मुलांना पिझ्झा देणारी योजना काढली, ती अजून प्रसिद्ध आहे. अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी डॅलसमधल्या दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून चाचणी दिली की २ डॉलर दिले, आणि त्यांच्यापैकी काहींचं वाचन-आकलन सुधारलं. त्यांच्याच प्रयोगात न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांसाठी आणि शिकागोमध्ये विषयांतल्या श्रेणींसाठी पैसे दिले, तिथे फरक पडला नाही. म्हणजे मुलाच्या हातात असलेल्या कामाला बक्षीस द्यावं, निकालाला देऊ नये, इथपर्यंत मला पटतं. तरी आकलन सुधारणं वेगळं आणि रिकाम्या दुपारी आपणहून पुस्तक उचलणं वेगळं. ग्रंथालयाने दुसऱ्याच्या मागे लागावं. पहिलं बघायला आम्ही शाळावाले आहोतच.

कार्डावर नसलेली आणखी एक गोष्ट मला आवडली. आवडलेल्या पुस्तकावर मुलाने दोन ओळी लिहून दिल्या, की ती चिठ्ठी कपाटाच्या कडेला त्या पुस्तकाखाली लावतात. खाली फक्त वय. ‘सुरुवात बोअर आहे, पान ४०पर्यंत धीर धरा. वय १२.’ असल्या चिठ्ठ्या वाचून मी स्वतः दोन पुस्तकं नेली. मुलं आपली चिठ्ठी अजून आहे का, ते पुस्तक कुणी नेलंय का, हे बघायला येतात. याला ना शिक्का आहे ना गुण.

दंड वाचून फेडण्याची सोय मोलाची आहे आणि तिचा गाजावाजा व्हायला हवा. लॉस एंजेलिस काउंटीच्या ग्रंथालयांनी २०१७ साली २१ वर्षांपर्यंतच्यांसाठी हीच सोय केली, तासाभराच्या वाचनाला ५ डॉलर माफ. आमच्या वर्गातली काही मुलं केवळ दंडाच्या भीतीने ग्रंथालयात जायची थांबली होती. एकाचं पुस्तक मुदतीच्या कितीतरी पुढे गेलं होतं आणि घरी सांगायची सोय नव्हती. तो दोन शनिवार वाचनकक्षात बसला आणि मोकळा झाला. तक्रार एवढीच, की ही माहिती काउंटरमागच्या फलकावर बारीक अक्षरांत आहे. ज्याला दंड आहे तो काउंटरपर्यंत येतच नाही, तर फलक वाचणार कसा? आता मीच वर्गात सांगते.

बाकी किरकोळ: बालविभागातल्या खुर्च्या सहा वर्षांच्या मुलांच्या मापाच्या आहेत, आमची तेरा वर्षांची मुलं गुडघे हनुवटीला लावून बसतात. शनिवारी संध्याकाळी रांग फार असते, तेव्हा ताईंचे प्रश्नही आटोपते होतात आणि नुसताच शिक्का पडतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

योजनेची फेरी संपून बरेच दिवस झाले, आणि खरी परीक्षा आता सुरू आहे. अजून कोण जातं? बारा शिक्के सगळ्यात आधी पूर्ण केलेल्यांपैकी फारसं कुणी नाही. जास्तीच्या पुस्तकाची मुभा मिळालेली बरीच मुलं जातात. तीन मुलींचा एक घोळका एकत्र जातो, पुस्तकं आपसात बदलून वाचतो आणि मुदतीची आठवणही एकमेकींना करून देतो. मागच्या बाकावरचा मुलगा जातो. त्याचं कार्ड नवव्या चौकोनावर थांबलं आहे आणि त्याला त्याचं काही पडलेलं नाही. कादंबरीवाली मध्यंतरी थांबली होती, आता पुन्हा जाड पुस्तकं नेते.

पुढच्या फेरीला मी वर्ग घेऊन जाणार आहे. ॲपची नोंदणी यावेळी ऐच्छिक असेल आणि शाळांचा तक्ता काढून टाकू, असं ग्रंथपालांनी मान्य केलं आहे. ऐकायच्या पुस्तकांचा विषय त्यांच्या समितीपुढे आहे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला शिक्का द्यायला ताई तयार आहेत, वरून परवानगी यायची आहे. पुन्हा वाचलेल्या पुस्तकाबद्दल मात्र अजून कुणीच काही बोललेलं नाही.